इंजिन सुरू होत नाही? मेकॅनिकला फोन लावण्याआधी एवढं बघा



नारळी पौर्णिमा झाली की खाडीकाठच्या गटांच्या होड्या पुन्हा पाण्यात उतरतात, आणि मला फोन येऊ लागतात, "इंजिन सुरूच होत नाय गो!"

मागच्या हंगामात एका गटाच्या होडीत पर्यटक बसले होते. दोरी ओढून ओढून दोघी ताई दमल्या. मीही तिथेच होते आणि मलाही काही कळत नव्हतं, म्हणून तालुक्याहून मेकॅनिक बोलावला. तो येईपर्यंत पर्यटक निघून गेले. त्याने लाल बटणाची निघालेली क्लिप परत बसवली, एकदा दोरी ओढली आणि इंजिन चालू! त्या दिवसाची कमाई गेली, वर त्याचे पैसे द्यावे लागले. सगळ्यात जास्त लागलं ते एका ताईंचं बोलणं, "इंजिन म्हणजे बाप्यांचंच काम."

तसं काही नाही. चूल पेटत नसेल तर आपण लाकूड ओलं आहे का, हवा लागते का, हे बघतोच ना? इंजिनालाही पेट्रोल, हवा आणि ठिणगी या तीनच गोष्टी लागतात. फक्त क्रमाने बघायचं. खालची माहिती दोरीने सुरू होणाऱ्या जुन्या टू-स्ट्रोक इंजिनासाठी आहे.

आधी हे करा: होडी पाण्यात असेल तर पहिल्यांदा नांगर टाका. विडी, काडेपेटी लांब ठेवा.

१. क्लिप आणि गिअर
लाल बटणाची क्लिप जागेवर आहे का? काही जुन्या इंजिनांना नुसतं बटण असतं, ते दाबलेलंच अडकलंय का बघा. गिअर न्यूट्रलवर हवा.

२. पेट्रोल
टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू सैल करा. तो बंद असला की इंजिन सुरू होऊनही थोड्या वेळात बंद पडतं. नळी दोन्ही टोकांना घट्ट हवी. नळीमधल्या रबरी फुग्यावरचा बाण इंजिनाकडे असावा. फुगा कडक होईपर्यंत दाबा. कडकच होत नसेल तर नळीला चीर आहे का, सांध्यातून हवा शिरते का, ते तपासा.

पावसाळाभर टाकीत राहिलेलं पेट्रोल वापरू नका. शंका आली तर थोडं काचेच्या बाटलीत काढून ठेवा. पाणी असेल तर तळाला वेगळं दिसतं. नवीन पेट्रोलमध्ये ऑईल आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणातच घाला. पन्नासास एक लिहिलं असेल तर १ लिटरला २० मिली. ऑईल विसरलात तर इंजिन जाम होतं, आणि तो खर्च गटाला झेपत नाही.

३. चोक
थंड इंजिनाला चोक ओढा, सुरू झालं की हळूहळू आत सारा. खूप वेळा दोरी ओढली आणि पेट्रोलचा वास येतोय, म्हणजे पेट्रोल जास्त झालंय. मग चोक आत करा, क्लिप काढा, प्लग खोलून पुसा. प्लग बाहेर असताना चार-पाच वेळा दोरी ओढा, आतलं पेट्रोल निघून जाईल. थोडं थांबून प्लग आणि क्लिप लावा आणि चोक न ओढता सुरू करा.

४. प्लग
प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही, दुसरी पायरी पुन्हा बघा. काळा, तेलकट असेल तर तारेच्या ब्रशने घासा किंवा नवीन लावा. ओला असेल तर पुसून बघा, तरी जमलं नाही तर नवीन लावा. ठिणगी तपासणं मात्र मेकॅनिकसमोर शिका. पेट्रोलच्या वासात ठिणगी म्हणजे आगीशी खेळ.

५. इथे थांबा
एवढं करूनही सुरू झालं नाही, किंवा दोरी ओढतानाच जाम लागली, तर जोर लावू नका. आता मेकॅनिकला बोलवा आणि आपण काय काय तपासलं ते सांगा. त्याचाही वेळ वाचेल, आपलेही पैसे.

सुरू झाल्यावर: इंजिनाच्या मागून पाण्याची बारीक धार येते का बघा. धार नसेल तर लगेच बंद करा, नाहीतर इंजिन तापून खराब होईल. खाडीतून परत आल्यावर गोड्या पाण्याने आतून धुवा. मिठाने आतली वाट बुजते. पावसाळ्याआधी टाकी रिकामी करा.

होडीत कायम ठेवा: जास्तीचा प्लग, प्लग पाना, कोरडं फडकं, नांगर, सगळ्यांसाठी लाईफ जॅकेट आणि वल्ही. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी गटाच्या ताई कांदळवन सफर वल्ह्यांवरच करतात. इंजिन असलं तरी वल्हं मारता आलंच पाहिजे.

पुढच्या बैठकीसाठी काम: होडी किनाऱ्याला बांधून प्रत्येकीने एकदा प्लग स्वतः खोलून परत लावायचा. गटाच्या वहीत एक पान इंजिनासाठी ठेवा: तारीख, काय बिघडलं, कशाने सुरू झालं, किती खर्च. दोन-तीन महिन्यांत आपल्या इंजिनाची खोड तुम्हालाच कळेल.

त्या गटातल्या ताई आता प्लग पाना कमरेला खोचूनच होडीत चढतात. पुढच्या वेळी भेटलो की मला तुमची वही दाखवा.

— तुमची क्षेत्र समन्वयक