आगकाडीची जन्मकथा

स्वयंपाकघरात चुलीजवळ, देवघरात समईपाशी आणि दिवे गेले असता अंधारात चाचपडणाऱ्या हाताला सापडेल अशा कोनाड्यात काडेपेटी ठेवलेली असते. ती इतक्या परिचयाची वस्तू आहे की, तिच्याकडे कोणी निरखून पाहत नाही. काडी ओढावी, ज्योत निघावी आणि काम होताच ती विझवून टाकावी, एवढाच माणसाचा तिच्याशी संबंध. परंतु या काडीच्या टोकावरील गूल आणि पेटीच्या कडेचा तपकिरी पट्टा यांच्यामागे जवळजवळ अडीचशे वर्षांचा इतिहास आहे. एका किमयागाराची सोन्याची हाव, एका औषधविक्रेत्याचे कुतूहल, स्वीडनमधील एका रसायनशास्त्रज्ञाची युक्ती आणि हजारो कामगारांच्या यातना, या साऱ्यांचा त्यात वाटा आहे. एखादी युक्ती साधली म्हणजे शोध पुरा झाला असे होत नाही, हे या इतिहासावरून फार स्पष्टपणे दिसून येते.

विस्तव राखण्याचे कष्ट

आगकाडी येण्यापूर्वी विस्तव निर्माण करण्याचे मुख्य साधन म्हणजे चकमक. गारगोटीवर पोलादाचा तुकडा आपटून ठिणगी पाडावयाची, ती अर्धवट जळलेल्या सुती चिंधीवर किंवा अशाच एखाद्या कोरड्या पदार्थावर झेलावयाची आणि हळूहळू फुंकर घालून ती फुलवावयाची, असा हा खटाटोप असे. हवा दमट असली म्हणजे तो अधिकच कठीण होई. म्हणून रात्री राखेखाली निखारा झाकून ठेवण्याची आणि तोही विझल्यास शेजारच्या घरून विस्तव मागून आणण्याची रीत सर्वत्र होती. टोकाला गंधक लावलेल्या काड्या पूर्वीही माहीत होत्या. पण त्या आपोआप पेटत नसत. निखाऱ्यावरून ज्योत उचलण्यापुरताच त्यांचा उपयोग होता. घासताक्षणी पेटणारी काडी मिळावयाची, तर एका नव्या द्रव्याची गरज होती. ते द्रव्य सापडले, परंतु अगदी भलत्याच शोधात.

सोन्याऐवजी सापडलेला प्रकाश

१६६९ मध्ये जर्मनीतील हँबुर्ग शहरी हेनिग ब्रांट नावाचा किमयागार परिसाच्या शोधात होता. हलक्या धातूचे सोने करणारे द्रव्य मानवी मूत्रात दडलेले असावे, अशी त्याची समजूत होती. त्याने पुष्कळ मूत्र साठविले, आटविले आणि उरलेला गाळ प्रखर आचेवर तापविला. त्याला सोने मिळाले नाही. मात्र पांढुरके, मेणासारखे मऊ आणि अंधारात आपोआप उजळणारे एक द्रव्य मिळाले. त्यास ‘प्रकाश वाहणारा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून फॉस्फरस हे नाव पडले.

हे द्रव्य हवेत सुमारे ३० अंश सेल्सिअस तापमानाला पेट घेते, म्हणून ते पाण्याखाली ठेवावे लागते. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइल यांनी १६८० मध्ये फॉस्फरस लावलेल्या कागदावर गंधकाची काडी घासली असता ती पेटते, असे दाखविले. आगकाडीचे तत्त्व तेव्हाच हाती आले होते. परंतु मूत्रापासून मिळणारा फॉस्फरस अत्यंत महाग असल्यामुळे त्याचा व्यवहारात उपयोग होणे शक्य नव्हते. पुढे १७७० च्या सुमारास गान आणि शीले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञांनी जनावरांच्या हाडांत फॉस्फरस असतो असे दाखवून तो हाडांतून काढण्याची रीत बसविली. फॉस्फरस स्वस्त होण्याचा मार्ग अशा रीतीने मोकळा झाला.

औषधविक्रेत्याची काडी

घर्षणाने पेटणारी पहिली काडी बाजारात आली ती मात्र फॉस्फरसविना. इंग्लंडच्या ईशान्य भागातील स्टॉक्टन गावी जॉन वॉकर नावाचा औषधविक्रेता राहत असे. त्याने प्रथम शस्त्रवैद्याच्या हाताखाली शिक्षण घेतले होते. पण शस्त्रक्रिया पाहणे त्याला सोसवेना, म्हणून त्याने औषधांचे दुकान काढले. झटकन पेट घेणाऱ्या मिश्रणांवर तो प्रयोग करीत असे. अशाच एका प्रयोगात मिश्रण ढवळलेली व टोकाशी वाळलेली काडी चुलीच्या दगडावर घासली गेली आणि भपकन पेटली, अशी हकीकत सांगतात. या मिश्रणात पोटॅशियम क्लोरेट, अँटिमनी सल्फाइड आणि डिंक ही द्रव्ये होती. दुमडलेल्या घासकागदात काडी चिमटीत धरून ओढली म्हणजे ती पेटत असे. वॉकरच्या दुकानाच्या वहीत अशा काड्यांच्या पहिल्या विक्रीची नोंद ७ एप्रिल १८२७ या तारखेस आढळते. त्याने आपल्या शोधाचे एकस्व घेतले नाही. तेव्हा इतरांनी लवकरच तशा काड्या करून विकण्यास प्रारंभ केला.

येथे एक गोष्ट अनेकांना आश्चर्याची वाटेल. कळ दाबताच पेटणारा दिवा, म्हणजे आजच्या लायटरचा पूर्वज, आगकाडीहून वयाने मोठा आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ डोबरायनर यांनी १८२३ मध्येच हायड्रोजन वायूचा झोत प्लॅटिनमवर सोडून ज्योत निर्माण करणारे उपकरण तयार केले होते. साधी दिसणारी वस्तू आधी जन्मते आणि गुंतागुंतीची मागाहून, असा काही नियम नाही.

स्वस्त ज्योतीचे मोल

वॉकरच्या काडीला फार जोराने घासावे लागे आणि ती कधी पेटे, कधी केवळ ठिणग्या उडवी. १८३१ च्या सुमारास फ्रान्समधील शार्ल सोरिया या तरुणाने अँटिमनी सल्फाइडच्या जागी पांढरा फॉस्फरस वापरला. ही काडी भिंतीवर, दगडावर, बुटाच्या तळव्यावर, कोठेही घासली तरी पेटत असे. लोकांना ती अतिशय सोयीची वाटली आणि थोड्याच वर्षांत युरोपभर तिचे कारखाने निघाले.

परंतु पांढरा फॉस्फरस हे जहाल विष आहे. कारखान्यांत लाकडाच्या काड्यांचे जुडगे फॉस्फरसच्या लगद्यात बुडवीत. त्याची वाफ कामगारांच्या श्वासाबरोबर तोंडात जाई, हातांना लागलेले द्रव्य अन्नात मिसळे. प्रथम दाढ दुखू लागे, मग हिरड्या सुजत, पू वाहू लागे आणि अखेर जबड्याचे हाड मरून कुजत जाई. कित्येक रोग्यांचा खालचा जबडा शस्त्रक्रियेने काढून टाकावा लागे, कित्येक दगावत. व्हिएन्ना येथील लोरिन्सर या वैद्याने १८४५ मध्ये या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. घरोघरी सुखाने पेटणाऱ्या काडीची खरी किंमत कोण देत होते, हे त्या दिवसापासून गुपित राहिले नाही.

दोन द्रव्यांची ताटातूट

याच सुमारास उपायही सापडला. फॉस्फरसचे आणखी एक रूप आहे. पांढरा फॉस्फरस हवा लागू न देता तापविला असता त्याची तांबडी पूड बनते. ती हवेत आपोआप पेटत नाही आणि पांढऱ्या फॉस्फरसप्रमाणे विषारीही नाही. हे दोन्ही पदार्थ म्हणजे एकाच मूलद्रव्याची दोन रूपे होत, ही गोष्ट व्हिएन्नाच्याच आंटोन श्रोटर यांनी त्याच दशकात नीट सिद्ध केली.

स्वीडनमधील गुस्ताव एरिक पाश यांनी १८४४ मध्ये या तांबड्या फॉस्फरसचा एक चतुर उपयोग सुचविला. आतापर्यंत ज्वालाग्राही द्रव्ये काडीच्या टोकावर एकत्र नांदत होती. पाश यांनी त्यांची ताटातूट केली. फॉस्फरस काडीवरून काढून घासण्याच्या पृष्ठभागावर आणला आणि बाकीची द्रव्ये काडीवर ठेवली. पुढे यंचपिंग गावच्या लुंडस्ट्रम बंधूंनी या कल्पनेवर मोठा कारखाना उभारला आणि १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांच्या काड्यांना पदक मिळाले.

आजची काडेपेटी याच तत्त्वावर चालते. गुलात पोटॅशियम क्लोरेट, गंधक, काचेची पूड आणि सरस असतात. पेटीच्या पट्ट्यावर तांबडा फॉस्फरस आणि काचेची पूड असते. काडी ओढली म्हणजे घर्षणाच्या उष्णतेने फॉस्फरसचा अत्यल्प कण पेट घेतो, क्लोरेट त्यास प्राणवायू पुरविते, गंधक जळू लागतो आणि लाकडात मुरविलेले मेण ज्योत पुढे नेते. ही काडी साध्या दगडावर घासून पाहिली असता ती सहसा पेटत नाही. तिची सुरक्षितता या न पेटण्यात आहे.

ज्ञान आणि अंमल यांतील अंतर

रोग माहीत झाला, उपाय सापडला. मग विषारी काड्या लागलीच बंद पडल्या असतील, असे कोणासही वाटेल. तसे घडले नाही. तांबडा फॉस्फरस महाग होता आणि कोठेही घासून पेटणारी काडी ग्राहकांना सोडवत नव्हती. त्यामुळे अनेक कारखानदार जुन्याच रीतीने काम करीत राहिले.

जुलै १८८८ मध्ये लंडनच्या बो भागातील ब्रायंट आणि मे यांच्या कारखान्यातील सुमारे १,४०० स्त्रिया व मुलींनी संप पुकारला. अल्प मजुरी, पदोपदी होणारे दंड आणि फॉस्फरसच्या सान्निध्यात बसून करावे लागणारे जेवण यांविरुद्ध त्यांची तक्रार होती. त्यांची हकीकत जगापुढे मांडणाऱ्या ॲनी बेझंट याच पुढे १९१७ मध्ये भारतीय राष्ट्रीय सभेच्या अध्यक्षा झाल्या. संप यशस्वी झाला. दंड रद्द झाले आणि जेवणासाठी स्वतंत्र जागेची मागणी मान्य झाली. तरीही त्या कारखान्यातील पांढऱ्या फॉस्फरसचा वापर १९०१ पर्यंत थांबला नाही.

१८९८ मध्ये सेव्हेन आणि काहेन या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी फॉस्फरस व गंधक यांचे एक संयुग वापरून, कोठेही पेटणारी पण तशी विषारी नसलेली काडी तयार केली. आता सबबही उरली नाही. १९०६ मध्ये स्वित्झर्लंडमधील बर्न येथे काही युरोपीय राष्ट्रांनी पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर बंदी घालण्याचा करार केला. इंग्लंडमध्ये तशी बंदी १९१० पासून अमलात आली आणि भारतात त्यासंबंधीचा कायदा १९१३ मध्ये झाला. पाश यांच्या युक्तीपासून बर्नच्या करारापर्यंत तब्बल ६२ वर्षे लोटली होती.

भारतातील काडेपेटी

भारतात आरंभी काडेपेट्या मुख्यतः स्वीडन व जपान या देशांतून येत. १९२३ मध्ये स्वीडिश भांडवलावर वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी स्थापन झाली आणि मुंबईजवळ अंबरनाथ येथे तिचा कारखाना निघाला. त्याच सुमारास तामिळनाडूतील शिवकाशीचे दोन भाऊबंद, अय्या नाडार आणि षण्मुग नाडार, कलकत्त्यास जाऊन हा धंदा शिकून आले. पाऊस कमी आणि शेती बेभरवशाची असलेल्या त्या कोरड्या प्रदेशात हाताने काड्या करण्याचा उद्योग घरोघर पसरला. सावरीसारख्या झाडांचे मऊ लाकूड काड्यांसाठी कामी आले.

या उद्योगाने अनेक कुटुंबांना अन्न दिले, तसेच लहान मुलांचे हातही कामास जुंपले. काडीतील विष गेले होते. पण रसायनांची धूळ, आगीचे भय आणि बुडालेली शाळा ही शिल्लक होती. म्हणून १९८६ च्या बालकामगारविषयक कायद्याने काडेपेट्यांच्या निर्मितीत चौदा वर्षांखालील मुलांना कामास लावण्यास मनाई केली.

काडी पेटते की नाही, या प्रश्नाचे उत्तर स्टॉक्टनच्या दुकानात १८२७ मध्ये मिळाले. ती वापरणाऱ्यास सुखरूप आहे काय, याचे उत्तर स्वीडनमध्ये मिळाले. ती तयार करणाऱ्यासही सुखरूप आहे काय, हा तिसरा प्रश्न मात्र प्रयोगशाळेत सुटला नाही. त्यासाठी संप, करार आणि कायदे यांची गरज पडली. कोणत्याही शोधास हे तिन्ही प्रश्न विचारावे लागतात, आणि तिसऱ्याचे उत्तर मिळेपर्यंत तो शोध अपुराच समजावा.