परतीची वाट

आर-१ राउटरवरून पिंग होत होतं, त्यालाच जोडलेल्या पीसीवरून होत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सबमिशन, आणि धायरीतल्या आमच्या फ्लॅटवर एवढ्या एका कोड्यात माझी रात्र गेली.

पॅकेट ट्रेसरवरचं साधंच प्रॅक्टिकल. तीन राउटर ओळीनं. आर-१ कडे १९२.१६८.१.०, आर-३ कडे १९२.१६८.३.०, मधल्या दोन सिरियल लिंकना १०.०.०.० आणि १०.०.०.४. रूट सगळे हातानं टाकलेले. पीसीवरून ट्रेस लावला तर आर-१ दिसला, आर-२ दिसला आणि पुढे नुसते तारे. म्हणून मी आर-२ ला दोषी धरून त्याचे धड असलेले रूट पुसले, पुन्हा टाकले. मग पीसीच्या मागे लागलो आणि घाईत डिफॉल्ट गेटवे चुकवून ठेवला. एका दोषाचे दोन झाले.

रूममेट सिव्हिलचा. त्यानं झोपेतच विचारलं, "अरे, पण ते परत येतं कुठून?"

आर-३ ला मी १०.०.०.० चा रूट दिला होता, १९२.१६८.१.० चा राहिला होता. राउटर स्वतः पिंग करतो तेव्हा पॅकेट ज्या इंटरफेसमधून बाहेर पडतं, त्याचाच पत्ता पाठवणाऱ्याच्या जागी लावतो. आर-१ चं पिंग १०.०.०.१ च्या नावानं गेलं, त्याची परतीची वाट आर-३ ला ठाऊक होती. पीसीचं पॅकेटही पलीकडे नीट पोचत होतं. उत्तर मात्र आर-३ वर येऊन गळायचं. ट्रेसमधले तारेही त्याचेच. धायरी फाट्यावर धारेश्वराचं देऊळ विचारलं की "सरळ जा, पुढे विचारा" म्हणतात, तसा प्रत्येक राउटर पुढच्या टप्प्यापुरतंच जाणतो. परतताना पुन्हा सगळ्यांना विचारावं लागतं.

तेव्हा राउटरवरच्या पिंगवर विसंबू नका. नुसतं 'पिंग' टाइप करून एंटर दाबा, 'एक्स्टेंडेड कमांड्स'ला 'वाय' म्हणा आणि पुढे विचारेल तिथे सोर्स म्हणून लॅनच्या इंटरफेसचा पत्ता द्या. 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' आलं तर उलट बरं: ओळीच्या सुरुवातीला तक्रार करणाऱ्या राउटरचा पत्ता असतो, थेट तिथे जा. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आलं की परतीचा संशय आधी घ्या. पहिलंच पिंग तेवढं चुकलं तर सोडून द्या, ते एआरपीपायी जातं.

आणि काहीही बदलण्याआधी कागद घ्या. तीन राउटर, चार नेटवर्क, बारा चौकोन. प्रत्येक राउटरवर 'शो आयपी राउट' बघून सी किंवा एस भरा; सहा सी, सहा एस यायला हवेत. टाकलेला रूट तिथे दिसतच नसेल तर इंटरफेस बंद आहे: 'नो शटडाउन' राहिलंय, किंवा डीसीई बाजूचा क्लॉक रेट. माझे अकरा चौकोन भरले, बारावा रिकामा.

तो रूट टाकला, पीसीचा गेटवे पुन्हा नीट केला आणि पिंग झालं. त्या खुशीत मी कॉन्फिगरेशन सेव्ह न करताच आर-२ ची पॉवर बंद-चालू केली. त्याचे रूट तिसऱ्यांदा टाकत होतो तेव्हा खाली दूधवाला आला होता.