संगीतवेडा विद्यार्थी होमी भाभा : केंब्रिजमधले दिवस



डॉ. होमी भाभा म्हटलं की आपण वर्गात काय सांगतो? भारतीय अणुऊर्जा कार्यक्रमाचे जनक. जन्म ३० ऑक्टोबर १९०९, मुंबई. २४ जानेवारी १९६६ रोजी विमान अपघातात निधन. मुलं चार ओळी वहीत उतरवतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. त्यात त्यांची काही चूक नाही. त्या चार ओळींत माणूस कुठे आहे?

आज आपण अणुभट्टी बाजूला ठेवू आणि अठरा वर्षांच्या होमीला भेटू. घरापासून हजारो मैल लांब इंग्लंडमध्ये शिकणारा, संगीताचं वेड असलेला आणि वडिलांनी ठरवलेल्या विषयात मन न रमणारा मुलगा. हे शेवटचं वाचून तुमच्या डोळ्यांसमोर वर्गातलं किंवा घरातलं एखादं पोर आलं असेल तर लेख पुढे नक्की वाचा.

होमीचं घर मुंबईत मलबार हिलवर. (मुंबईला तेव्हा पाणी जायचं ते आपल्या शहापूर तालुक्यातल्या तानसा धरणातून, १८९२ पासून. आपल्या भातसा धरणाचं पाणी पुष्कळ नंतरचं. तेव्हा भाभांचा आणि आपल्या तालुक्याचा संबंधच नाही असं मुलांना वाटू देऊ नका!) वडील जहांगीर भाभा वकील, स्वतः इंग्लंडमध्ये शिकलेले. आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटांच्या पत्नी. घरात पुस्तकं होती, चित्रं होती आणि पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या तबकड्यांचा मोठा संग्रह होता. लहानपणी होमी रडायला लागला की ग्रामोफोन लावायचे आणि तो शांत व्हायचा, असं सांगतात. चित्रकलेचे धडे त्याने जहांगीर लालकाका यांच्याकडे घेतले. बीथोवन, मोझार्ट ही नावं त्याला आपल्याकडच्या मुलाला घरातल्या भजनाची चाल माहीत असावी तशी माहीत होती.

१९२७ मध्ये होमी बोटीने निघाला आणि केंब्रिजच्या 'गॉनव्हिल अँड कीज' कॉलेजात दाखल झाला. विषय यांत्रिक अभियांत्रिकी. वडिलांचा आणि दोराबजींचा बेत सरळ होता : मुलाने इंजिनिअर व्हावं, परत यावं आणि जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात काम करावं. आज आपण म्हणतो ना, 'एकदा डिप्लोमा कर, कंपनीत चिकट, मग बघू', तसंच. फक्त कंपनी घरचीच होती!

आता तिथला दिवस कसा असायचा ते बघू. त्या काळी केंब्रिजच्या विद्यार्थ्याच्या खोलीत थंडी घालवायला कोळशाची शेगडी असे. सकाळी व्याख्यानं. अंगावर झगा घालून जायचं, कारण तो तिथला गणवेशच. दुपारी प्रयोगशाळा, यंत्रांची आरेखनं, नाहीतर खेळ. आठवड्यातून ठरलेल्या वेळी एका शिक्षकासमोर एकट्यानं किंवा दोघांनी बसायचं, केलेलं काम दाखवायचं, चुका समजून घ्यायच्या. (साठ-साठ मुलांच्या वर्गात शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वाचून हेवा वाटणारच.) संध्याकाळी कॉलेजच्या मोठ्या भोजनगृहात पुन्हा झगा घालून सगळ्यांनी एकत्र जेवायचं. अंधार पडल्यावर रस्त्यावर फिरतानाही झगा हवाच. रात्री दहाला कॉलेजचं दार बंद. उशीर केला तर दंड! आपल्या आश्रमशाळांच्या अधीक्षकांना ही शिस्त ओळखीची वाटेल.

सत्र जेमतेम आठ आठवड्यांचं आणि वर्षात अशी तीन सत्रं. म्हणजे अभ्यास अगदी दाटीवाटीचा. मग संगीताला वेळ कुठून काढायचा?

मित्रांनो, तेव्हाचं गाणं ऐकणं म्हणजे काय होतं हे मुलांना जरूर सांगा. मोबाईलवर बोट ठेवलं आणि वाजलं, असं नव्हतं. ग्रामोफोनला चावी द्यायची, सुई नीट बसवायची, तबकडी लावायची. एका बाजूला चार-साडेचार मिनिटांचं संगीत. बीथोवनची एक सिंफनी अर्धा तास ते तासभराची. सिंफनी म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठीची, सहसा चार भागांची सलग रचना. ती पूर्ण ऐकायची तर दर चार मिनिटांनी उठायचं, तबकडी उलटायची, बदलायची. एवढं करून जो ऐकतो तो अभ्यास चुकवायला ऐकत नाही. शिवाय १९२७ हे बीथोवनच्या मृत्यूला शंभर वर्षं झाल्याचं वर्ष. त्याच्या रचनांच्या नव्या तबकड्या त्या वर्षी भराभर निघाल्या. होमी इंग्लंडात उतरला तो असा मुहूर्त साधून!

कॉलेजपासून दोन-तीन मिनिटं चाललं की किंग्ज कॉलेजचं प्रार्थनामंदिर. तिथल्या मुलांच्या गायकवृंदाचं गाणं जगप्रसिद्ध आहे. १९२८ च्या नाताळात ते बीबीसीने पहिल्यांदा रेडिओवरून ऐकवलं, तेव्हा होमी केंब्रिजचाच विद्यार्थी होता. रेल्वेने तासा-सव्वा तासावर लंडन, तिथे क्वीन्स हॉलमध्ये उन्हाळ्यात रोज संध्याकाळी होणाऱ्या संगीत मैफली. भाभा १९३९ पर्यंत केंब्रिजमध्ये होते. त्या वास्तव्यात त्यांनी मोझार्टच्या 'इडोमेनिओ' या संगीतनाटकासाठी रंगमंचाचं नेपथ्य तयार केलं. मला ही गोष्ट फार आवडते. यंत्राचं आरेखन करायला शिकलेला हात आणि मोझार्टसाठी पडदे रंगवणारा हात एकच. आपण मात्र वेळापत्रकात विज्ञानाची तासिका वेगळी, कार्यानुभवाची वेगळी आणि परीक्षा जवळ आली की दुसरी रद्द, असं करतो.

पण संगीत त्याच्यासाठी नुसती करमणूक नव्हती. त्याचा खरा उपयोग झाला तो एका पत्रात.

पहिलं वर्ष संपलं आणि होमीला कळून चुकलं की आपलं मन यंत्रांत नाही, भौतिकशास्त्रात आहे. ऑगस्ट १९२८ मध्ये त्याने वडिलांना पत्र लिहिलं. उद्योगधंदा किंवा इंजिनिअरची नोकरी आपल्या स्वभावाला धरून नाही, भौतिकशास्त्र हाच आपला मार्ग, मोठ्या कंपनीचा प्रमुख होण्याची इच्छा नाही, हे त्याने स्पष्ट सांगितलं. आणि दाखला कोणाचा दिला? बीथोवनचा! विज्ञान ही फार थोर गोष्ट आहे म्हणून बीथोवनला 'तू शास्त्रज्ञ हो' असं सांगून काय उपयोग, असा त्याचा मुद्दा. जोडीला सॉक्रेटिसला इंजिनिअर व्हायला सांगण्याचं उदाहरण. मला भौतिकशास्त्र शिकू द्या, अशी विनंती करून पत्र संपतं.

पालकहो, क्षणभर त्या वडिलांच्या जागी उभे राहा. पत्र बोटीने यायचं, त्याला दोनएक आठवडे. उत्तर जायला तेवढेच. फोन करून ओरडण्याची सोय नाही. मुलावर खर्च झालेला, बड्या नातेवाइकांना शब्द दिलेला. अशा वेळी 'हो' म्हणावं की 'नाही'?

जहांगीर भाभांनी दोन्ही म्हटलं नाही. त्यांनी अट घातली : हाती घेतलेली अभियांत्रिकीची परीक्षा आधी प्रथम श्रेणीत पास हो, मग गणितासाठी केंब्रिजमध्ये राहा, खर्च मी करीन. या परीक्षेला तिथे 'ट्रायपॉस' म्हणतात. होमीने १९३० मध्ये मेकॅनिकल सायन्सेस ट्रायपॉस प्रथम श्रेणीत पूर्ण केली. वडिलांनी शब्द पाळला. १९३२ मध्ये गणिताची ट्रायपॉसही प्रथम श्रेणीत झाली. त्याच वर्षी केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत चॅडविक यांनी न्यूट्रॉन शोधला. म्हणजे पोरगा नेमका योग्य वेळी योग्य दारात उभा होता. १९३५ मध्ये त्याला पीएच.डी. मिळाली. पुढचं तुम्हाला माहीत आहे. आणि नको असताना शिकलेली अभियांत्रिकी वाया गेली का? संस्था आणि अणुभट्ट्या उभारताना तीच कामाला आली असेल, असं मला तरी वाटतं.

१९४१ मध्ये नागपूरला भारतीय विज्ञान अकादमीच्या सभेत सर सी. व्ही. रामन यांनी भाभांची ओळख करून देताना त्यांना आजचा लिओनार्दो दा विंची म्हटलं. त्या वेळी गुण सांगताना त्यांनी सुरुवात केली ती थोर संगीतप्रेमी या गुणापासून. चित्रकार, इंजिनिअर, शास्त्रज्ञ हे सगळं नंतर.

आता तुमच्यातलं कोणीतरी म्हणेल, 'सर, ही बड्या घरची कथा. आमच्याकडे कुठली टाटांची आत्या?' अगदी बरोबर. हे मुलांपासून लपवू नका. डॉ. बाबासाहेब आंबेडकरही लंडनला शिकले. पण १९२० नंतरचे त्यांचे तिथले दिवस म्हणजे अपुरं जेवण, ब्रिटिश म्युझियमचं ग्रंथालय बंद होईपर्यंत वाचन आणि रात्री भूक लागली की मित्राने दिलेले पापड, असं चरित्रकार सांगतात. त्या दिवसात ग्रामोफोनला जागा नव्हती, पैसाही नव्हता. तरी वडील रामजींच्या घरी लहानपणी भजनं, अभंग, कबीराचे दोहे कानावर पडलेले होतेच, आणि उतारवयात बाबासाहेब व्हायोलिन शिकले. गरिबीने त्यांच्या आयुष्यातलं संगीत वीस-पंचवीस वर्षं लांबवलं. ते पुसता आलं नाही.

आपल्या शहापूर-मुरबाडकडे संगीताची गरिबी मुळीच नाही. तारपा आहे, ढोलनाच आहे, गावोगाव भजनी मंडळं आहेत, हळदीला बेंजो पार्टी आहे. बाकावर बोटांनी ठेका धरणारा एक तरी मुलगा प्रत्येक वर्गात असतो आणि आपण त्याला काय म्हणतो? 'हात आवर, नाहीतर बाहेर काढीन.' तासाला आवाज नको हे खरंच. पण तास संपल्यावर 'कुठे शिकलास रे?' एवढं विचारायला काय लागतं?

या पाठाला जोडून एक उपक्रम सुचवतो. आठवी ते दहावीला पत्रलेखन आहेच. 'सहलीला परवानगी मागणारे पत्र' यंदा बाजूला ठेवा. मुलांना भाभांच्या पत्राची गोष्ट सांगा आणि खरंखुरं पत्र लिहायला द्या : मला काय शिकायचं आहे आणि त्याबद्दल मी घरच्यांना काय शब्द देतो. मायना, शेवट, शुद्धलेखन याचे गुण द्या, पण मागणीला लाल शाई लावू नका. मागची बाजू कोरी ठेवा. त्यावर पालकांनी उत्तर लिहायचं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगायचं, मुलाने लिहायचं आणि खाली अंगठा किंवा सही. दोन तासिका आणि मध्ये एक रविवार लागतो.

आमच्याकडे हे केलं तेव्हा काही पानं कोरीच परत आली, काहींवर फक्त 'वाचले' एवढंच होतं. नववीतल्या एका मुलाने लिहिलं होतं की त्याला हळदीच्या पार्टीत बेंजो वाजवायचा आहे. मागे वडिलांचं उत्तर अडीच ओळींचं : आधी दहावी, मग आयटीआयला इलेक्ट्रिशियन. तोवर फक्त रविवारी वाजव. बेंजो विकणार नाही.