रिमोटने आवाज का बदलत नाही?

प्रश्न : टीव्हीच्या मागच्या लाल-पांढऱ्या ‘ऑडिओ आउट’ला मी अ‍ॅम्प्लिफायर जोडला आहे. रिमोटने आवाज कमी केला तरी त्याचा आवाज तेवढाच राहतो. हेडफोनचा मात्र बदलतो. टीव्हीत बिघाड आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : बिघाड नाही, रचनाच तशी आहे. ऑडिओ चिपमधून अ‍ॅनालॉग आवाज बाहेर पडण्याच्या वाटा वेगळ्या असतात : स्पीकर, हेडफोन आणि लाइन, म्हणजेच तुमचे ‘ऑडिओ आउट’. पहिल्या दोन्हींवर व्हॉल्यूमचे नियंत्रण असते. लाइनची पातळी बहुधा कायम ठेवतात, म्हणजे रेकॉर्डिंग चालू असताना कोणी रिमोट दाबला तरी ते बिघडत नाही.

दुसरी गोष्ट, आवाज कुठे कमी करावा ही. आवाज डिजिटल आकड्यांतच कमी केला, तर दर ६ डेसिबलला साधारण एक बिट गमावला जातो. १६ बिटांचा आवाज ४८ डेसिबलने कमी केला की ८ बिटच उरतात आणि बारीक खरखर जाणवू लागते. म्हणून काही चिपमध्ये ही घट डिजिटल-अ‍ॅनालॉग रूपांतरानंतर, अ‍ॅनालॉग टप्प्यात करतात.

रिमोटनेच आवाज बदलायचा असेल आणि मेनूमध्ये ऑडिओ आउटसाठी ‘फिक्स्ड’ आणि ‘व्हेरिएबल’ असे पर्याय असतील तर ‘व्हेरिएबल’ निवडा. नाहीतर ‘फिक्स्ड’च राहू द्या आणि आवाज अ‍ॅम्प्लिफायरवरूनच कमी-जास्त करा, स्वच्छ आवाजासाठी तेच उत्तम.