थकबाकी कोणत्या बाजूला लिहितात?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत घरच्या पत्र्याच्या पेटीत कृषिपंपाच्या बिलांचा गठ्ठा सापडला. आमचे गाव अहमदपूर तालुक्यात. विहिरीवर पाच अश्वशक्तीचा पंप आहे. थकबाकीचा आकडा वर्षागणिक वाढत गेलेला. घरात कागद वाचणारी मी पहिलीच, म्हणून दादांनी विचारले, "हे एवढं देनं कंपनी कुठं लिवून ठेवती गं?" मला सांगता आले नाही. नांदेडला परतल्यावर ग्रंथालयात बसून ताळेबंद वाचायला शिकले.

उत्तर चमत्कारिक निघाले. ग्राहकांकडून यायची रक्कम ताळेबंदात 'येणे' म्हणून मालमत्तेच्या बाजूला लिहितात. म्हणजे ज्या आकड्याने दादांची झोप उडते, तोच कंपनीच्या वहीत संपत्ती ठरतो! राज्यातील शेतीपंपांची अशी थकबाकी 2020 च्या वीजजोडणी धोरणाच्या वेळी 40,000 कोटी रुपयांच्या वर होती. ती येणार नाही असे मान्य केले, तर बुडीत येण्यासाठी तरतूद करावी लागते आणि तोटा उघडा पडतो.

वीज कंपनीची प्रकृती शेअरच्या भावावरून कळते, असा माझा समज होता. एन्रॉनची हकिगत वाचून तो गेला. किल्लारीचा भूकंप झाला त्याच 1993 सालच्या डिसेंबरात राज्य वीज मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ वीज कंपनीशी खरेदीचा करार केला. गुहागरजवळ अंजनवेल येथे 740 मेगावॅटचा पहिला टप्पा मे 1999 मध्ये सुरू झाला. वीज घ्या अथवा न घ्या, स्थिर आकार द्यायचाच, अशी अट होती. त्यात डॉलर महागला की बोजा वाढे. मंडळाला ते झेपेना आणि मे 2001 मध्ये खरेदी थांबली. मंडळ तिथे गिऱ्हाईकही होते आणि 15 टक्क्यांचे भागीदारही, ही गंमत वेगळीच.

ऑगस्ट 2000 मध्ये अमेरिकेत एन्रॉनचा शेअर 90 डॉलरच्या आसपास होता. नोव्हेंबर 2001 अखेर तो एका डॉलरखाली आला आणि 2 डिसेंबरला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याला केवळ दाभोळ कारण नव्हे. पुढील अनेक वर्षांत मिळेल असा अंदाजलेला नफा ती करार होताच हिशेबात धरी आणि कर्जे दुसऱ्याच संस्थांच्या नावे दडवी. भाव चढत होता तो कागदावरच्या नफ्यावर.

आपल्याकडे 6 जून 2005 रोजी मंडळाचे विभाजन झाले. महावितरणचे भाग शासनाच्या सूत्रधारी कंपनीकडे गेले, ते बाजारात आलेच नाहीत. तेव्हा तिची प्रकृती पाहायला वहीच उघडावी लागते. एन्रॉनची लबाडी आणि आपली थकबाकी एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. पण हातात न आलेला पैसा दोन्ही वह्यांत आहे. शिवाय मीटर नसलेल्या पंपांचे बिल अश्वशक्तीवर निघते. किती वीज लागली ते मोजले जात नाही, अंदाजले जाते. वीजगळतीचा काही भाग या अंदाजात लपतो, असा आक्षेप पुण्याच्या 'प्रयास' संस्थेच्या अभ्यासकांनी घेतला आहे. तो खरा असेल, तर शेतकऱ्याने न वापरलेली वीजही त्याच्या नावावर पडते. इकडे शेतीचा दर कमी ठेवण्यासाठी कारखान्यांना जादा दर लावतात, त्यामुळे तेही कुरकुरतात.

एप्रिल 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे चालू बिल शासन भरते. मार्च 2029 पर्यंतची ही योजना सुमारे 44 लाख शेतकऱ्यांसाठी असून वर्षाचा भार 14,760 कोटी रुपये सांगितला गेला. म्हणजे कंपनीच्या वहीत येणे राहिलेच. फक्त देणाऱ्याचे नाव बदलले.

संक्रांतीला घरी गेले तेव्हा हे सारे दादांना समजावून सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजी आपलं देनं त्येंची इस्टेट. आन् मागली बाकी?"

ती बिलावर अजून छापून येते.

— बी. ए. द्वितीय वर्ष