कांडीचा ऊस आणि बीजाचा ऊस

उसाची लागण बी पेरून करीत नाहीत. शेतकरी ज्याला बेणे म्हणतो ते बी नव्हे; ते उसाचेच तुकडे, म्हणजे टिपऱ्या होत. उसाच्या प्रत्येक पेरापाशी एक डोळा असतो. जमिनीत ओल मिळताच तो फुटतो, मुळे धरतो आणि त्याचा नवा ऊस होतो. या व्यवहारात नराचा व मादीचा संबंध येत नाही. डोळ्यातील पेशी दुभंगून वाढतात आणि प्रत्येक वेळी गुणसूत्रांची तंतोतंत प्रत दोन्ही पेशींच्या वाट्यास येते. अशा उत्पत्तीस अलैंगिक पुनरुत्पादन म्हणतात. अमीबा दुभंगतो, हायड्राच्या अंगावर अंकुर फुटून तो वेगळा होतो, हळद गड्ड्यापासून वाढते. तपशील निराळे असले तरी तत्त्व हेच.

या रीतीचा लाभ उघड आहे. चांगला ऊस एकदा हाती आला की त्याचे गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. सगळे शेत एकसारखे वाढते आणि एकाच सुमारास पिकते. खोडवा राखला तरी जात तीच राहते. परंतु याच एकसारखेपणात धोका दडलेला असतो. शेतात उभे असलेले हजारो ऊस जीवशास्त्राच्या दृष्टीने एकाच उसाचे विस्तार होत. जी बुरशी त्यांपैकी एकास मारते, ती सर्वांस मारू शकते. ‘लाल कूज’ हा असाच रोग आहे. रोगट ऊस उभा चिरला तर आतला गर तांबडा दिसतो, त्यात मधूनमधून पांढरे आडवे पट्टे असतात आणि आंबूस वास येतो. हा रोग बेण्यातूनही पसरतो, ही आणखी एक आपत्ती. २००९ साली प्रसारित झालेली को. ०२३८ ही जात उत्तर प्रदेशातील बहुतेक ऊसक्षेत्रावर पसरली. तिने उत्पादन पुष्कळ वाढविले. पण पुढे ती लाल कुजीस बळी पडू लागली आणि तिच्या जागी दुसऱ्या जाती लावाव्या लागल्या.

या दुसऱ्या जाती टिपऱ्यांतून निघत नाहीत. डोळ्यात क्वचित एखादा बदल आपोआप घडतो, पण त्यावर भिस्त ठेवता येत नाही. त्यासाठी उसाच्या तुऱ्याकडे वळावे लागते.

तुऱ्यात हजारो बारीक फुले असतात. परागपेशी व अंडपेशी तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या फुटतात, त्यांच्यात अंशांची देवघेव होते, आणि फलनात दोन निरनिराळ्या वाटण्या एकत्र येतात. म्हणून एकाच तुऱ्यातील दोन बियांची रोपे सहसा सारखी नसतात. उसाचे बी अतिशय सूक्ष्म असते. ते रुजतच नाही, असा समज दीर्घकाळ रूढ होता. १८८७-८८ च्या सुमारास जावा व बार्बाडोस येथे तो निश्चितपणे दूर झाला.

भारतात या कामासाठी १९१२ साली कोइमतूर येथे केंद्र स्थापन झाले. तेथील हवेत ऊस सहज तुऱ्यावर येतो. उत्तरेत थंडीमुळे ते अवघड. चार्ल्स बार्बर व टी. एस. वेंकटरामन यांनी ‘वेल्लै’ नावाच्या जाड, गोड उसाचा ‘कास’ या रानटी गवताशी संकर केला. कासात गोडी नाही, पण काटकपणा विलक्षण. त्यातून निघालेली को. २०५ ही जात १९१८ मध्ये पंजाबात प्रसारित झाली. तिची गुणसूत्रे मोजता एक चमत्कार आढळतो. वेल्लैची गुणसूत्रे ८०, कासाची ६४. नेहमीच्या हिशेबाने संततीत ४० व ३२ मिळून ७२ असावयास हवीत. प्रत्यक्षात ती ११२ आहेत. मातेने आपला निम्मा वाटा न देता सगळीच्या सगळी ८० दिली! लैंगिक पुनरुत्पादनाचे नियम पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याने हा अपवाद अवश्य ध्यानात ठेवावा.

संकरातून हजारो रोपे निघतात आणि त्यांतील बहुसंख्य टाकाऊ ठरतात. वर्षानुवर्षे पारख केल्यावर एखादे रोप पसंत पडते. त्याचे बी पुन्हा पेरले तर जमून आलेले गुण पुन्हा विस्कटतील. म्हणून त्या रोपाचा ऊस कापतात, त्याच्या टिपऱ्या करतात आणि त्या सरीत लावतात.