पक्षकाराला मत नसतं

करमाड

चि. बाळास,


परवा तुझ्या मामाने सांगितलं ते खोटं निघो. बार कौन्सिलच्या एका उमेदवाराच्या पैशाने तू ज्युनिअर वकिलांना हॉटेलात जेवू घातलंस आणि पहिल्या पसंतीचं मत त्यालाच देण्याचा शब्द घेतलास म्हणे. आपल्या घरात असं? रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

महाराष्ट्र-गोव्याच्या कौन्सिलवरचे बहुतेक सदस्य तुम्ही वकीलच निवडता. २०१८ साली निवडणूक झाली. मुदत पाच वर्षांची, तरी पुढची घ्या म्हणून सर्वोच्च न्यायालयाला बजावावं लागलं. एवढ्या वर्षांनी हाती आलेलं मत एका जेवणावर घालवायचं?

वकिलाविरुद्धची तक्रार ऐकणाऱ्या कौन्सिलच्या शिस्तपालन समितीत तिघे असतात. त्यांतले दोघे याच निवडलेल्यांतले. पक्षकाराला मात्र मत नसतं रे! शेंद्रा-बिडकीन औद्योगिक पट्ट्यात आपल्या शिवारातल्या किती जणांच्या जमिनी गेल्या, तू पाहिलंस. त्यांतल्या एखाद्या विधवेचा मोबदला वकिलानेच दाबला, तर तिने दाद मागायची ती तू निवडून दिलेल्यांकडेच. वर्षभरात निकाल लागला नाही, तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे, दिल्लीला. तिने तिथवर कसं पोचायचं?

मुंबईच्या फौजदारी कोर्टांच्या दारात पक्षकार ओढणाऱ्या वकिलांविरुद्ध हेच कौन्सिल सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. १९७५ साली सात न्यायमूर्तींनी कौन्सिलचा अपिलाचा हक्क मान्य केला. आपल्याच माणसांविरुद्ध उभं राहायला अशी माणसं लागतात. जेवणावळी घालून निवडून आलेला उभा राहील?

बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडायला गेलो आणि वकील व्हायचं राहूनच गेलं. तुला सनद मिळाली तेव्हा तुझ्या काळ्या कोटावरून मी कितीदा हात फिरवला! म्हणून जीव तुटतो.

फार बोललो. तुझ्या सिनिअरनेच हे करायला लावलं असेल, तर त्याचा शब्द मोडणं नव्या वकिलाला किती जड जातं, ते कळतं मला. पण मतपत्रिका भरताना तू एकटाच असतोस. त्या विधवेची तक्रार कोण नीट ऐकेल, एवढंच तेव्हा मनात आण.

खोलीचं भाडं थकलं असेल तर लाजू नकोस, कळव. ज्वारी आणि तूरडाळ पाठवतो. मामाचं खरं असो की खोटं, तू रविवारी घरी ये. काकू वाट बघते, मीही.

तुझा,
तात्या